ल मां २४ तास शर्यत

ल मां २४ तास ही फ्रान्समधील ल मां शहराच्या दक्षिणेस दरवर्षी, सहसा जून महिन्यात, होणारी स्पोर्ट्‌स मोटारगाड्यांची सहनशक्तीची शर्यत आहे. ऑटोमोबाइल क्लब द ल'वेस्त ही संस्था १९२३ पासून तिचे आयोजन करते. ठरावीक अंतर सर्वांत आधी पार करणारा येथे विजयी ठरत नाही. चोवीस तासांत जी गाडी सर्वाधिक अंतर कापते ती जिंकते. १९३६ मध्ये फ्रान्समधील संपांमुळे आणि १९४० ते १९४८ या काळात दुसरे महायुद्ध व त्यानंतरच्या परिस्थितीमुळे ही शर्यत झाली नाही. ती पाहण्यासाठी जमणारा जनसमुदाय हा या शर्यतीच्या इतिहासाचा एक स्वतंत्र भाग आहे. २०२३ च्या शतकमहोत्सवी वर्षी ३ लाखांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते.

मार्ग

सार्त सर्किट या नावाने ओळखला जाणारा मार्ग १३.६२६ किमी लांबीचा आहे. त्याचा मोठा भाग एरवी सार्वजनिक रहदारीचा रस्ता असून शर्यतीच्या आठवड्यात तो वाहतुकीस बंद केला जातो. डनलॉप पुलाखालून आणि तेर्त्र रूज वळणावरून गाड्या युनोदिएरच्या सुमारे ६ किमी लांबीच्या सरळ रस्त्याला लागतात. वेगाला आळा घालण्यासाठी १९९० मध्ये या पट्ट्यावर दोन शिकेन, म्हणजे मुद्दाम घातलेली नागमोडी वळणे, बांधण्यात आली. पुढे म्युल्सान, इंडियानापोलिस, आर्नाज आणि पोर्शे वळणे घेत गाड्या पुन्हा मुख्य प्रेक्षागारासमोर येतात.

प्रेक्षकांची शर्यत

एवढ्या लांबीच्या मार्गावर कोणत्याही एका जागेवरून शर्यतीचा अगदी लहानसा भागच दिसतो. सर्वोच्च वर्गातील गाडी एक फेरी सुमारे साडेतीन मिनिटांत पूर्ण करते, त्यांपैकी काही सेकंदच ती प्रेक्षकाच्या नजरेसमोर असते. त्यामुळे ही शर्यत पाहणे म्हणजे बऱ्याच अंशी तिचा हिशेब ठेवणे होय. हायपरकार, एलएमपी२ आणि एलएमजीटी३ या तीन वर्गांच्या गाड्या एकाच वेळी, एकाच रस्त्यावर धावतात आणि प्रत्येक वर्गाचा विजेता वेगळा असतो. अलीकडच्या वर्षांत एकूण ६२ गाड्या भाग घेतात. वेगवान गाड्या संथ गाड्यांना सतत मागे टाकत असल्यामुळे पुढे दिसणारी गाडी आघाडीवर असेलच असे नाही. नवख्या प्रेक्षकाचा पहिला गोंधळ येथेच होतो. गाडीवरील क्रमांकपट्टीचा रंग वर्गानुसार वेगळा असतो व रात्री ती पट्टी प्रकाशित असते. प्रथम तेवढी ओळखायला शिकणे उपयुक्त ठरते.

दुसरा धागा पिटमधील थांब्यांचा. हायपरकार गाडी साधारणपणे दर पाऊण तासाने इंधनासाठी थांबते. इंधन भरून झाल्यावरच टायर बदलता येतात, म्हणून टायर न बदलता पुढे जाणारा संघ काही सेकंद वाचवतो, मात्र पुढच्या फेऱ्यांत झिजलेल्या टायरांची किंमत मोजतो. प्रत्येक गाडीला सहसा तीन चालक असतात. कोणत्याही सहा तासांत एका चालकाला चार तासांहून अधिक काळ गाडी चालवता येत नाही. कोणाचा थांबा बाकी आहे आणि रात्री कोणाला चालवायला ठेवले आहे, याची नोंद ठेवणाऱ्यालाच आघाडीचा खरा अर्थ कळतो. पूर्वी मोठ्या संख्येने येणारे ब्रिटिश प्रेक्षक कानाला छोटा रेडिओ लावून रेडिओ ल मांचे इंग्रजी समालोचन ऐकत. आता त्याच्या जोडीला भ्रमणध्वनीवर प्रत्येक गाडीच्या फेरीची वेळ उपलब्ध असते.

शर्यत शनिवारी दुपारी ४ वाजता सुरू होते, परंतु चाहत्यांचा आठवडा आधीच सुरू झालेला असतो. गाड्यांची तांत्रिक तपासणी शहरातील चौकात लोकांसमोर होते आणि शुक्रवारी चालकांची मिरवणूक जुन्या मोटारींतून निघते. मार्गालगतच्या छावण्यांमध्ये हजारो लोक तंबू ठोकून राहतात. पॅरिसहून वेगवान रेल्वेने ल मां सुमारे एका तासाच्या अंतरावर असून रेल्वे स्थानकापासून ट्राम थेट सर्किटपर्यंत जाते.

रात्र हा जाणकारांच्या मते शर्यतीचा सर्वोत्तम भाग. आर्नाज वळणाजवळ गाड्या जोराने ब्रेक लावतात तेव्हा चाकांच्या आत ब्रेकच्या चकत्या लाल तापलेल्या दिसतात. नेहमीचे प्रेक्षक अंधारात गाडी आवाजावरून ओळखतात. १९९१ मध्ये विजयी झालेल्या माझदा ७८७बी या गाडीच्या रोटरी इंजिनाचा कर्कश आवाज आजही आठवणीने सांगितला जातो. याउलट, २००६ मध्ये डिझेलवर धावून जिंकणारी पहिली गाडी ठरलेली आउडी तिच्या शांतपणामुळे अनेकांना रुचली नाही. अर्थात घड्याळाला आवाजाशी देणेघेणे नसते.

१९५५ ची दुर्घटना

११ जून १९५५ रोजी, शर्यत सुरू होऊन सुमारे अडीच तास झाले असता, जग्वार चालवणारा माइक हॉथॉर्न पिटमध्ये शिरण्यासाठी मंदावला. त्याच्या मागील लान्स मॅकलिनने आपली ऑस्टिन-हीली बाजूला घेतली आणि वेगाने येणारी पिएर लव्हेगची मर्सिडीझ तिच्यावर आदळून हवेत उडाली. ती बांधावर आपटून फुटली व तिचे भाग गर्दीत घुसले. लव्हेगसह ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्या काळी पिट आणि मार्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती व प्रेक्षक रस्त्यापासून थोड्याच अंतरावर उभे राहत.

शर्यत थांबवण्यात आली नाही. परत निघालेल्या गर्दीमुळे रस्ते अडून रुग्णवाहिकांचा खोळंबा होईल, असे कारण आयोजकांनी दिले. आघाडीवर असलेल्या मर्सिडीझ संघाने रात्री माघार घेतली आणि विजय हॉथॉर्न व आयव्हर ब्यूब यांना मिळाला. शर्यत चालू ठेवण्याच्या निर्णयावर आजही मतभेद आहेत. कारण पटण्यासारखे असले तरी, मार्गाच्या दूरच्या भागातील असंख्य प्रेक्षकांना काय घडले याची बराच काळ कल्पनाच नव्हती, ही गोष्ट उरतेच. या घटनेनंतर पिटचा परिसर व मुख्य प्रेक्षागार नव्याने बांधण्यात आले. स्वित्झर्लंडने मोटारशर्यतींवर बंदी घातली आणि ती अनेक दशके कायम राहिली.

काही लक्षणीय शर्यती

पूर्वी चालक रस्त्यापलीकडून धावत येऊन गाडीत बसत व लगेच निघत. घाईत सुरक्षापट्टा बांधायचा राहून जाई. १९६९ मध्ये बेल्जियमचा जॅकी इक्स याच्या निषेधार्थ सावकाश चालत गाडीकडे गेला, पट्टा नीट बांधला आणि सर्वांच्या मागून निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हा चालक अपघातात दगावला. चोवीस तासांनंतर इक्सने हान्स हेरमानच्या पोर्शेला जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरने हरवले. पुढील वर्षापासून धावत येऊन सुरुवात करण्याची पद्धत बंद झाली.

२०१६ मध्ये टोयोटाची पाच क्रमांकाची गाडी पहिल्या विजयापासून काही मिनिटे दूर होती. काझुकी नाकाजिमा चालवत असताना तिची शक्ती अचानक गेली व ती मुख्य प्रेक्षागारासमोरच थांबली. मागून आलेली पोर्शे जिंकली. टोयोटाने अखेरची फेरी कशीबशी पूर्ण केली, मात्र त्यासाठी नियमापेक्षा अधिक वेळ लागल्यामुळे अधिकृत निकालात तिला स्थान मिळाले नाही. टोयोटाचा पहिला विजय २०१८ मध्ये झाला.

सर्वाधिक विजय डेन्मार्कच्या टॉम क्रिस्टेनसनच्या (९), तर उत्पादकांमध्ये पोर्शेच्या (१९) नावावर आहेत. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी फेरारीची गाडी जिंकली.

भारताशी संबंध

२००९ मध्ये नारायण कार्तिकेयन कोलेस संघाच्या चालकांत होता, पण शर्यतीच्या आधी खांदा निखळल्यामुळे त्याला गाडी चालवता आली नाही. त्यामुळे या शर्यतीत प्रत्यक्ष उतरलेला पहिला भारतीय ठरला तो करुण चांधोक. २०१२ मध्ये डेव्हिड ब्रॅबहॅम आणि पीटर डम्ब्रेक यांच्यासह त्याने सहावा क्रमांक मिळवला. भारतीय प्रमाणवेळेनुसार शर्यत शनिवारी संध्याकाळी ७.३० ला सुरू होऊन रविवारी त्याच वेळी संपते. ल मां येथील सूर्योदयाचा, म्हणजे थकलेले चालक व गाड्या हमखास चुकतात तो काळ, भारतात रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास येतो. रात्रभर जागणे न जमणाऱ्याने निदान तेवढा वेळ तरी राखून ठेवावा.