टाक्यांचा हिशेब

पोटाची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी येतो. टाके निघतात, सत्यनारायण होतो. आणि वर्षभरात एके दिवशी खोकताना त्याच्या हाताला जुन्या व्रणापाशी मऊ फुगवटा लागतो. वरची कातडी सांधलेली असते, पण खालची भिंत उसवून आतडे फटीतून डोकावत असते. हाच शस्त्रक्रियेनंतरचा हर्निया. आतडे त्यात अडकले तर जिवावर बेतते. अशा वेळी रोग्याचा लठ्ठपणा, त्याचा खोकला, त्याचे नशीब, सर्वांवर बोट ठेवले जाते. शिवणीवर मात्र क्वचितच! म्हणून आज त्या शिवणीचाच इतिहास आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

पोट शिवणे आपल्याकडे नवे नाही. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या डसवाव्यात, त्यांची धडे तोडून मुंडकी तशीच राहू द्यावीत व मग पोट शिवावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पुढे १८०९ साली अमेरिकेतील केंटकी प्रांतात एफ्राइम मॅकडॉवेल याने जेन क्रॉफर्ड या बाईच्या पोटातून अंडाशयाची प्रचंड गाठ काढली. तेव्हा भूल नव्हती. बाई धीराची, नंतर तीसहून अधिक वर्षे जगली. १८४६ साली ईथरची भूल सिद्ध झाली, मागोमाग लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली आणि पोट उघडणे नित्याचे होऊन बसले. रोगी जगू लागले, आणि जगले म्हणूनच शिवणीचे दोष दिसू लागले.

दोष दोऱ्याचा असेल, असे कोणालाही वाटेल. १९७६ साली जेंकिन्स या इंग्रज शल्यविशारदाने निराळेच दाखविले. पोट उसवते तेव्हा बहुधा दोरा तुटत नाही, गाठही सुटत नाही. दोरा मांसाला कापून बाहेर येतो. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगते, जखम लांबते, आणि दोरा तोकडा असेल तर तो सुरीसारखा चालतो. म्हणून जखमेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा शिवणीत गेला पाहिजे. वीत-सव्वा वीत म्हणजे २० सेंटिमीटरची जखम असेल, तर ८० सेंटिमीटर दोरा. गोधडी शिवणाऱ्या आमच्या आजीला यात नवल वाटले नसते.

पण चौपट दोरा दोन रीतींनी घालता येतो: मोठे टाके थोडे, किंवा लहान टाके पुष्कळ. जास्त मांस पकडले की शिवण पक्की, या समजुतीने हात मोठ्या टाक्यांकडेच वळत. मात्र मोठ्या टाक्यात चरबी आणि स्नायूही सापडतात. ते दाबाने चेपतात, मरतात; टाका सैल पडतो आणि कडा दूर सरतात. स्वीडनमधील इस्रायलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३७ रोग्यांवर परीक्षा करून २००९ साली निष्कर्ष छापले. पोटाच्या मधोमध स्नायूंना जोडणारा जो पांढरा चिवट पडदा असतो, तेवढाच कडेपासून ५ ते ८ मिलिमीटरवर धरून शिवला, तर हर्निया शेकडा ५.६ जणांना झाला. कडेपासून १० मिलिमीटरहून दूर टाके घातलेल्यांत शेकडा १८. २०१५ साली डच परीक्षेत शेकडा १३ आणि २१ असे आकडे आले. जर्मनी व ऑस्ट्रियातील २०२२ च्या परीक्षेत मात्र पहिल्या वर्षाअखेर फरक इतका ठळक उतरला नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

मग हा लहान टाका सर्वांच्या हाती लगेच का बसला नाही? आम्हांला वाटते, कारण अगदी माणसासारखे आहे. शिवण येते ती शेवटी, सगळे थकलेले असताना, आणि पुष्कळदा ती शिकाऊ हाताकडे सोपविली जाते. डच परीक्षेत मोठ्या टाक्यांना सरासरी १० मिनिटे लागली, लहानांना १४. जास्तीची ती चार मिनिटे! इस्रायलसन यांचा आग्रह असा, की शिवण संपली की उरलेला दोरा मोजावा, किती वापरला ते काढावे, जखमेच्या लांबीने भागावे, आणि तो आकडा रोग्याच्या कागदावर लिहून मगच हातमोजे उतरवावेत.