मिरजेचे तंतुवाद्यकार फरीदसाहेब शिकलगार

मिरजेतील सतार-तंबोऱ्यांच्या निर्मितीचा आरंभ १८५० च्या सुमारास झाला असे मानतात व त्याचे श्रेय फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगारांस दिले जाते. शिकलगार म्हणजे शस्त्रांस धार लावणारा कारागीर. १८१८ मध्ये पेशवाई संपली, शस्त्रांची मागणी ओसरली आणि या वर्गास नवी उपजीविका शोधणे भाग पडले. गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब स्वतः ती घडवू लागले, अशी परंपरा आहे.

या स्थित्यंतराचे कारण म्हणून पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय सांगण्यात येतो. परंतु आश्रयाने धंद्याचा उगम उलगडतो, त्याचे टिकणे नव्हे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. धंदा मात्र राहिला. याची कारणे अन्यत्र शोधली पाहिजेत. पहिले कारण कच्च्या मालाचे होय. तंबोऱ्यास लागणारा मोठ्या घेराचा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढे भागात पिकतो. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण गवयांचे सान्निध्य. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच शिकले. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचेही वास्तव्य तेथेच होते. तंबोऱ्याची जवारी घोडीचा माथा अत्यंत सूक्ष्म घासून साधावी लागते. घासण्याचा हात शिकलगारापाशी पूर्वीचाच होता. कोठे थांबावे हे सांगणारा कान त्यास गवयांच्या सहवासात लाभला.

याच काळातील फ्रेंच व्हायोलिनकार झाँ-बातिस्त व्हियोम (१७९८–१८७५) यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. वाद्यकारांच्या मिरकूर गावी जन्मलेले व्हियोम १८१८ मध्येच पॅरिसला आले. स्त्रादिव्हारीच्या वाद्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करूनही ते आपल्या वाद्यांवर क्रमांक घालीत. त्यामुळे त्यांच्या कार्याचा कालक्रम लावता येतो. फरीदसाहेबांचे चरित्र मुख्यतः घराण्यांच्या स्मृतीतून आणि ‘सतारमेकर’ या आडनावातून उरले आहे. म्हणून मिरजेच्या अभ्यासकास दप्तराइतकाच जुन्या वाद्यांचाही पुरावा तपासावा लागेल.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होईल. विद्येचे रक्षण मात्र, प्रारंभी झाले तसेच, कारागीर आणि गवई यांच्या नित्य संबंधावरच अवलंबून राहील.