रांगेत पुढे जाण्याचा दर

कुही ते नागपूर चाळीसेक किलोमीटर. तरी ट्रंक कॉलच्या काळात हे अंतर खिशावर ठरायचं. ऑपरेटरकडे साधा कॉल बुक केला की फोनपाशी ताटकळत बसा. ‘अर्जंट’ला दुप्पट पैसे, ‘लायटनिंग’ला आठपट. मिरचीचा भाव विचारायला अडत्याला फोन लावणारा साध्यावरच भागवी. लायटनिंग घरात कुणी अत्यवस्थ असलं तरच. तार तीच, आवाजातली खरखरही तीच. आठपट मोजून मिळे तो इतरांना मागे टाकण्याचा हक्क. रांगच नसती तर त्यासाठी कुणी दमडी सोडली नसती.

ही युक्ती टेलिफोनहून जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारखात्यात अर्जंट, ऑर्डिनरी आणि डिफर्ड असे वर्ग होते. डिफर्ड म्हणजे सवडीनं जाणारी, म्हणून स्वस्त. घाईला जादा आकार, सबुरीला सवलत. 25 नोव्हेंबर 1960 रोजी लखनौ-कानपूर एसटीडी, म्हणजे थेट डायलिंग, सुरू झाली आणि हळूहळू ऑपरेटर मधून गेली; तिच्यासोबत रांग मोडण्याची सोयही गेली. मग घड्याळावर दर लागले. रात्री उशिरा पाव दरात बोलायला पीसीओबाहेर जी झुंबड उडे, ती डिफर्ड तारेचीच नात.

इंटरनेटमध्येही वर्ग पहिल्यापासून आहेत. 1981 च्या आयपी मानकात डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर अग्रक्रमासाठी तीन बिट राखले, म्हणजे आठ पायऱ्या. ‘रूटीन’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ ही नावं थेट लष्करी संदेशव्यवस्थेतली. 1998 मध्ये तीनाचे सहा बिट झाले, 64 खुणा मावू लागल्या. तंत्र सज्ज, पण विक्री अडली. पॅकेट चार कंपन्यांच्या तारांवरून जातं. पहिलीनं जादा पैसे घेतले तरी पुढचीनं ती खूण का मानावी? फुकट मानली असती, तर जो तो आपल्या पॅकेटवर ‘फ्लॅश’ लिहून मोकळा झाला असता. म्हणून हे वर्ग एकाच मालकाच्या जाळ्यात विकले जातात. बँका आपल्या शाखा जोडायला असं खासगी जाळं भाड्यानं घेतात: आवाजाला एक वर्ग, व्यवहाराला दुसरा, ईमेलला उरलेली जागा.

सामान्य ग्राहकाच्या मोबाइलवर हा माल जुलै 2020 पर्यंत आला होता. व्होडाफोन आयडियाचा ‘रेडएक्स’ आणि एअरटेलचा ‘प्लॅटिनम’ जादा मोजणाऱ्यांना वेग देऊ करत होते; तो इतरांच्या वाट्यातून काढणार का, असं विचारत दूरसंचार नियामक ट्रायनं दोन्ही थांबवायला सांगितलं. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. मात्र 2018 च्या नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या डेटाला समान वागणुकीच्या, नियमांत ‘विशेष सेवां’ना सूट आहे, आणि 5जीत एकाच टॉवरची क्षमता ‘स्लाइस’ करून वेगवेगळी देता येते. कुहीच्या टॉवरवर भर दुपारी शुकशुकाट असेल, तर अशी स्लाइस कोण घेणार? ती खपते संध्याकाळच्या कोंडीत. कोंडीतून कमाई होऊ लागली की दुसरा टॉवर उभारायची घाई कंपनीला उरत नाही.