सॉफ्टवेअरच्या पगाराचा भूगोल

भारतातून सॉफ्टवेअरची निर्यात सुरू झाली ती माणसे पाठवून. मुंबईत 1968 साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 1974 मध्ये बरोज या अमेरिकी कंपनीचे काम घेतले. त्या काळी संगणक आयात करायचा तर परवाना लागे आणि बदल्यात निर्यातीची हमी द्यावी लागे. यंत्रे इथे मोजकी, गिऱ्हाईक तिकडे आणि फोनची लाइन बेभरवशाची. मग प्रोग्रामरच विमानात बसे. या पद्धतीला पुढे बॉडीशॉपिंग म्हणू लागले. 1980 चे दशक संपेपर्यंत निर्यातीची बहुतांश कमाई अशा ऑनसाइट कामातूनच येत होती.

पगाराची दोन मापे तेव्हाच पडली. मुंबईत असेपर्यंत रुपयांत पगार, परदेशी पाऊल ठेवले की डॉलरमध्ये भत्ता किंवा पगार, आणि परत आले की पुन्हा रुपये. माणूस तोच, कौशल्य तेच. ऑनसाइटच्या यादीत नाव लागावे म्हणून मध्यमवर्गीय घरांत वाट पाहिली जाई, याचे कारण हेच.

काम दूरवरून होऊ शकते का, याचा एक प्रयोग मात्र त्याआधीच होऊन गेला होता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नरेंद्र पटणी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथील आपल्या घरात एक खोली अमेरिका ठरवली, दुसरी भारत. दोन्ही खोल्यांमध्ये बोलायचे नाही. सूचना फक्त लिहून द्यायच्या. लेखी सूचनांवर काम निभावते, हे पाहिल्यावर त्यांनी अमेरिकी दस्तऐवजांची संगणकीय नोंद भारतात करून घ्यायला सुरुवात केली. आजच्या रिमोट कामाचे मूळ या दोन खोल्यांत शोधायला हरकत नाही. पुढे त्यांच्या पटणी कंपनीतूनच बाहेर पडलेल्या सात जणांनी 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस काढली. दोन वर्षांत ती बंगळूरला गेली.

बंगळूरला 1985 मध्ये आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने उपग्रहाच्या दुव्यावर काम सुरू केले. मग सरकारने पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क उभारून असे दुवे लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आणले. काम इथे आले, पगार मात्र इथल्याच बाजाराचा राहिला. दोन बाजारांतला फरक हाच कंपन्यांचा नफा ठरला. अमेरिकेत माणसे पाठवायला लागणाऱ्या एच-1बी व्हिसावर ज्यांची मोठी भिस्त, अशा कंपन्यांना 1998 च्या अमेरिकी कायद्याने वर्षाला 60,000 डॉलर पगार दिल्यास काही जाचक अटींतून सूट दिली. तो आकडा नंतर वाढवलाच गेला नाही.

2020 च्या टाळेबंदीत जागेनुसार पगाराचा हाच प्रश्न खुद्द अमेरिकी प्रोग्रामरपुढे आला. सॅन फ्रान्सिस्को सोडून स्वस्त गावी गेलेल्याचा पगार कापायचा का? फेसबुकने मे महिन्यात पगार राहत्या जागेनुसार ठरेल असे जाहीर केले. स्ट्राइपने महागडी शहरे सोडणाऱ्यांना एकरकमी 20,000 डॉलर देऊ केले, पण मूळ पगारात दहा टक्क्यांपर्यंत कपातही लावली. रेडिटने उलट वाट धरून अमेरिकेपुरता जागेनुसारचा फरक रद्द केला. पूर्णपणे रिमोट चालणाऱ्या गिटलॅबने तर जागेचा गुणक धरून पगाराचे सूत्रच मांडले होते.

कपातीच्या बाजूने राहणीमानाच्या खर्चाचे कारण दिले जाते. भारतातला अनुभव त्याला दुजोरा देत नाही. कंपनी स्थानिक बाजारात माणूस जितक्याला मिळेल तितकेच देते. त्याचे घरभाडे ती मोजत नाही. मोठ्या भारतीय सेवा कंपन्यांत फ्रेशरचे वार्षिक पॅकेज 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास होते. दहा वर्षांनंतरही ते जवळपास तिथेच राहिले, आणि त्याच काळात पुण्याच्या हिंजवडी-वाकड या आयटी पट्ट्यातली भाडी मात्र वाढत गेली.