देवीचा रुपया

जुने नाणे घरात निघाले की दोन प्रश्न लगोलग विचारले जातात. ‘हे खरे आहे काय?’ हा पहिला आणि ‘ह्याचे किती येतील?’ हा दुसरा. ‘हे कोणी पाडले व कोणासाठी?’ हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तिसऱ्यावाचून पहिल्या दोहोंची उत्तरे मिळत नाहीत.

ठाण्याहून खाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर कशेळी लागते. तेथील एका घरी देव्हाऱ्यातले एक नाणे आम्हांस दाखविण्यात आले. घरची माणसे त्याला ‘देवीचा रुपया’ म्हणत आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून मांडीत. आकाराने ते रुपयाहून बरेच मोठे. एका अंगास शिरस्त्राण घातलेली, हाती त्रिशूळ व ढाल घेतलेली उभी स्त्री. पणजोबांनी ते मुंबईच्या गोदीतून आणले, एवढीच घरची आठवण. नातीच्या कॉलेजची फी भरावयाची होती. एका दुकानी ते तोलून मोडीचा भाव सांगितलेला होता. मोडीत घालावे की ठेवावे, असा प्रश्न होता.

ती स्त्री म्हणजे ब्रिटनची प्रतीकमूर्ती ब्रिटानिया आणि ते नाणे म्हणजे ब्रिटिश व्यापारी डॉलर. डॉलर म्हटला की आपल्याला अमेरिका आठवते. पण हा डॉलर आपल्या मुंबईचा. चीनच्या किनाऱ्यावरील व्यापार त्या काळी मुख्यतः मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरांवर चाले. हाँगकाँगला टांकसाळ घालून पाहिली, ती १८६६ ते १८६८ एवढीच चालली आणि तिची यंत्रे जपानने विकत घेतली. पुढे मेक्सिकोचे डॉलर पुरेनासे झाले. इकडे १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले, त्यामुळे मुंबईच्या टांकसाळीचे हात मोकळे झाले. एकीकडे गरज आणि दुसरीकडे रिकामी यंत्रे, असा योग जुळून १८९५ पासून हे डॉलर पाडले जाऊ लागले. नाण्याच्या दुसऱ्या अंगावर त्याचे मोल चिनी लिपीत व अरबी वळणाच्या मलायी लिपीत दिलेले आहे. ते कोणासाठी पाडले, हे त्यावरूनच कळते. मुंबईच्या बाजारात ते चालावयाचे नव्हते. आपल्याकडे घडायचे आणि समुद्रापार खपायचे, असे हे नाणे!

आता परीक्षा. प्रथम वजन. अस्सल डॉलर सुमारे २६.९५ ग्रॅम भरतो; त्यात दहा भागांत नऊ भाग चांदी. दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून तोलला तर तो अडीच ग्रॅमांहून थोडा अधिक हलका भरतो. लोहचुंबकाला तो चिकटत नाही. हल्ली नकली डॉलर फार झाले आहेत. त्यांतले पुष्कळसे येथेच उघडे पडतात.

नंतर खूण. त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर भिंगातून इंग्रजी ‘बी’ हे बारीक अक्षर दिसले, की नाणे मुंबईचे. मग साल. १९३५ साली पाडलेले बहुतेक डॉलर पुन्हा वितळविले गेले. म्हणून त्या सालाचे नाणे अत्यंत दुर्मिळ. कशेळीचे नाणे १९११ चे होते आणि ते साल विपुल मिळते.

शेवटी प्रत. नाण्याचे उंचवटे आधी झिजतात. म्हणून ब्रिटानियाची छाती, मांडी व शिरस्त्राण आधी पाहावे. झीज नसेल तर प्रत वरची. आकृतीची नुसती रूपरेषा उरली असेल तर खालची. विल्यम शेल्डन ह्या अमेरिकनाने १९४९ मध्ये त्यांच्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी श्रेणी बसविली. आज तीच जगभर वापरतात. कशेळीच्या नाण्याची झीज बेताची होती. पण दर दिवाळीला ते चिंच व राखुंडीने घासलेले. भक्तीने केलेली ही सेवा नाण्याला बाधली. काळाने चढविलेला करडा रंग गेला आणि सपाटीवर बारीक ओरखडे उठले. संग्राहक अशा लखलखाटाला दोष मानतो.

शिवाय त्यावर दोन लहानसे चिनी छाप ठोकलेले होते. तिकडचे व्यापारी व सराफ नाणे पारखून त्यावर आपली खूण उमटवीत. आपला ‘सराफ’ हा शब्दही त्या व्यापाराबरोबर तिकडे गेला. हाँगकाँगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीवर तो इंग्रजी वळणाने आजही लिहिलेला आढळतो. असे छापच जमविणारे संग्राहक आहेत; तरी सामान्यतः कोऱ्या नाण्याला भाव अधिक.

हिशेब मांडला तो असा: साल विपुल, नाणे घासलेले, त्यावर छाप. म्हणजे मोडीपेक्षा थोडे अधिक येईल; कॉलेजची फी त्यातून भागणार नाही. हे आम्ही स्पष्ट सांगितले. खोटी आशा लावणे हेही एक प्रकारचे नाणे खोटे पाडणेच आहे.

पण एक गोष्ट त्याबरोबर सांगावी लागली. ज्या छापांनी भाव उतरला, त्याच छापांनी हे नाणे कोठे कोठे गेले ते सांगितले. मुंबईत पाडलेला हा डॉलर जहाजातून पूर्वेला गेला, दोन चिनी पेढ्यांवर पारखला गेला, आणि कोणाच्या तरी कनवटीला लागून पुन्हा मुंबईच्या गोदीत उतरला. तेथून कशेळीच्या एका कष्टकऱ्याने तो घरी आणला. मुशीत घातल्यावर चांदी चोवीस ग्रॅमच्या आसपास उरली असती. हा प्रवास मात्र उरला नसता.

घरच्या आजींनी ते सारे ऐकून घेतले. नाणे त्यांनी पदराने पुसू लागताच नातीने त्यांचा हात धरला आणि ते कागदात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवले. फीचे पैसे कोठून आणावयाचे, ह्याचे बोलणे मग नव्याने सुरू झाले.