नाणेघाट: कोकण आणि देश जोडणारी वाट

कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल पैठणपर्यंत न्यायचा, तर मध्ये सह्याद्रीचा कडा आडवा येई. तो ओलांडण्यासाठी सातवाहन काळात वापरात असलेली प्रमुख वाट म्हणजे नाणेघाट. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून ती रानातून चढू लागते. शेवटच्या टप्प्यात चढ तीव्र होतो आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. वाटेत पाण्याची टाकी आहेत. लदलेली जनावरे आणि माणसे यांना त्यांचाच आधार असे.

घाटमाथ्याच्या किंचित खाली कोरीव लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. तो साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो आणि सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी जोडला जातो. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची दक्षिणा त्यात आकड्यांसह नोंदवली आहे. त्यामुळे भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासातही या लेखाला महत्त्व आहे. मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमारांच्या प्रतिमा होत्या. आज नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. प्रत्येक तांड्याला जिथून जावेच लागे, तिथेच राजघराण्याने आपले वैभव कोरून ठेवले.

लेण्याच्या वर अरुंद खिंड असून तिच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी परंपरा सांगते. खिंडीवर जीवधन किल्ल्याची नजर आहे. पुढे घाटघरवरून वाट जुन्नरला जाते. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील दानलेखांत व्यावसायिकांच्या श्रेणी आणि यवन दाते आढळतात. व्यापारातला पैसा कुठे पोहोचला, ते त्यांवरून कळते.

या व्यापारावर राजकारणाचा दाबही असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार कल्याणच्या व्यापारात अडथळे आणले गेले आणि तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. घाटाचे महत्त्व बंदरांच्या भरभराटीवर अवलंबून होते. एकोणिसाव्या शतकात बोरघाट आणि थळघाटातून रेल्वे गेली, तेव्हा अवजड माल तिकडे वळला. आता नाणेघाटाने मुख्यतः गिर्यारोहक आणि इतिहासाचे अभ्यासक चढतात.