बालपरवेशी ते सैनिक कल्याण

पेशवेकालीन कागदपत्रांत 'बालपरवेशी' असा एक शब्द ठिकठिकाणी भेटतो. शिपाई लढाईत कामी आला म्हणजे त्याच्या पाठीमागे राहिलेल्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक करून दिली जात असे, तिचे हे नाव. कधी ती रोख असे, कधी जमिनीच्या रूपाने. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द सापडतो. बोलण्यातून मात्र तो केव्हाच नाहीसा झाला. शब्द गेला तरी त्यामागील प्रश्न काही गेला नाही. सैनिक एकतर धारातीर्थी पडतो, किंवा हातपाय गमावून परत येतो, किंवा, आणि बहुसंख्यांच्या बाबतीत हेच घडते, धडधाकट असताना ऐन उमेदीच्या वयात निवृत्त होतो. पुढे त्याचे काय आणि त्याच्या घराचे काय, हे कोणी पाहावयाचे?

महादेवपुरा म्हटले की हल्ली संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतीच डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु बेंगळुरू हे फार पूर्वीपासून लष्करी शहर आहे. मद्रास सॅपर्सचे केंद्र येथे, हवाई दलाच्या प्रशिक्षण कमानचे मुख्यालय येथे, विमानांचा कारखाना तर आपल्या शेजारीच. त्यामुळे आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेत ताठ बसणारी जी वडीलधारी मंडळी दिसतात, त्यांतील काहीजण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून फौजेत भरती झालेली व पुढे नोकरीच्या किंवा मुलांच्या निमित्ताने येथेच स्थिरावलेली आहेत. त्यांच्यासाठी सरकारदरबारी जी यंत्रणा आहे तिचा इतिहास या स्मरणिकेत असावा, असे आम्हांस वाटले.

आरंभ शिवकालापासूनच करावा लागतो. प्रतापगडच्या युद्धानंतर, म्हणजे १६५९ साली, महाराजांनी केलेली व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने सांगितली आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू ठेवले आणि जखमींना जखमेच्या मानाने होन दिले, असा त्याचा आशय आहे. सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास मुलखापासून दूर, जिंजीच्या किल्ल्यात, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. दक्षिणेत राहणाऱ्या आपणांस हा तपशील विशेष जवळचा वाटावा. निम्म्या वेतनाची ही कल्पना पाहिली म्हणजे आजच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

कंपनी सरकारच्या अमदानीत या व्यवस्थेला पेन्शनचे रूप आले. कोकणात दापोली येथे छावणी होती. ती कवाइती फौज निघून गेल्यानंतरही, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, जुन्या, वयस्क शिपायांची एक पलटण तेथे ठेवलेली होती. पेन्शनर शिपायांची वस्ती त्या भागात वाढली व गावाला 'कॅम्प दापोली' हे नाव चिकटले ते कायमचेच. या वस्तीतील महार शिपायांचे प्रमाण लक्षणीय होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने महारांची भरती बंद केली. तेव्हा याच दापोलीत स्थायिक झालेले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून १८९४ साली सरसेनापतींकडे अर्ज केला. सुभेदार रामजी सकपाळ हेही त्याच सुमारास महू येथून निवृत्त होऊन दापोलीस आले आणि पुढे साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात भांडारपाल झाले. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निवृत्त सैनिकाला दुसरी नोकरी का लागते, हे या एका घराच्या उदाहरणावरूनही ध्यानात येईल.

वलंगकरांच्या अर्जाला तत्काळ यश आले नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, एक महार पलटण उभी राहिली व १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावात उभारली गेली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी. तरीही आमच्या मते महाराष्ट्रातील माजी सैनिकांच्या संघटित कार्याचा आरंभ शोधावयाचा तर तो दापोलीच्या त्या अर्जातच शोधला पाहिजे. बालपरवेशी हे सरकारने आपणहून देण्याचे प्रकरण होते. येथे निवृत्त शिपाई स्वतः कागद लिहून मागू लागला, हा फरक लहान नव्हे.

पहिल्या महायुद्धाने या प्रश्नाला जगभर नवे वळण दिले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. ते गाव आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. अपंग होऊन परतणाऱ्यांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली व पुढे ती खडकीस गेली. १९१९ च्या मार्च महिन्यात पॅरिसमध्ये अमेरिकी सैनिकांनी एकत्र येऊन 'अमेरिकन लीजन' स्थापन केली. तिच्या शाखा प्रत्येक राज्यात पसरल्या, आणि १९४४ सालचा परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा व घरबांधणीचा प्रसिद्ध कायदा घडवून आणण्यात तिचाच मोठा वाटा होता. त्याच १९१९ च्या सप्टेंबरात आपल्याकडे 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' अस्तित्वात आले. साल एक, पण जात निराळी: तेथे सैनिकांनी स्वतःची संघटना केली, येथे सरकारने सैनिकांसाठी बोर्ड नेमले. या बोर्डाचा पूर्वावतार तर युद्धकाळातील भरतीच्या कामासाठीच होता.

१९५१ मध्ये या बोर्डाच्या नावात खलाशी व वैमानिक आले आणि १९७५ पासून ते 'केंद्रीय सैनिक बोर्ड' झाले. संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष. त्याखाली राज्य सैनिक बोर्डे व त्याखाली जिल्हा सैनिक बोर्डे, अशी ही उतरंड आहे. खर्च केंद्र व राज्य वाटून घेतात. माणसे मात्र राज्याची. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यास आहे, तर कर्नाटकाच्या विभागाचे बेंगळुरूत फील्ड मार्शल करिअप्पा भवनात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, तेव्हा त्या परिसरात घरटी सैनिक असणे स्वाभाविकच होय. अशा रीतीने हजारो मराठी माजी सैनिकांचे राज्यपातळीवरील कार्यालय बेंगळुरू हे ठरले. सीमाप्रश्नाच्या वादात येथे शिरावयाचे कारण नाही. परंतु मराठी सैनिकाचा बेंगळुरूशी संबंध असा कागदपत्रांतूनही जुळला, एवढे नमूद करून ठेवतो.

आता ही कार्यालये करतात तरी काय? ७ डिसेंबरचा ध्वजदिन सर्वांस ठाऊक आहे. १९४९ पासून तो पाळला जातो आणि छातीवर लावावयाच्या कागदी ध्वजाच्या मोबदल्यात जमणारा निधी युद्धविधवा, अपंग सैनिक व माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वापरला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहे व विश्रामगृहे चालविली जातात. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना व त्यांच्या विधवांना महाराष्ट्र राज्याने मासिक मानधन दिले. पंधरा वर्षे सेवा पूर्ण न झालेल्या शिपायाला सेवा निवृत्तिवेतन मिळत नाही. अशा वृद्धांसाठी, व त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नींसाठी, केंद्रीय बोर्डाचे निर्वाहसाहाय्य असते. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. दरसाल साठ हजारांच्या आसपास सैनिक निवृत्त होतात व त्यांतील पुष्कळांचे वय चाळिशीच्या आतबाहेर असते. म्हणून पुनर्वसन हा या कामाचा मोठा भाग. महाराष्ट्रात माजी सैनिकांचे महामंडळ २००२ साली त्यासाठीच निघाले.

परंतु या सर्वांहून मोठे, आणि कोणत्याही अहवालात न शोभणारे, काम म्हणजे कागद दुरुस्त करणे. आमचा स्वतःचा जन्म मुलकी खात्याच्या फायलींत गेला असल्यामुळे हे आम्ही काहीशा अधिकाराने सांगू शकतो.

आपल्या मंडळातील एका काकूंची हकीकत सांगतो. त्यांचे यजमान पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले व येथे एका कारखान्यात सुरक्षारक्षक होते. ते वारल्यावर काकूंनी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. माहेरची हौसा, सासरची सुमन. (दोन्ही नावे आम्ही येथे बदलून दिली आहेत.) हवालदारसाहेबांनी तरुणपणी पलटणीत पत्नीचे नाव लिहून दिले ते 'हौसाबाई', बँकेत, शिधापत्रिकेवर व आधारपत्रावर नाव 'सुमन'. एका कार्यालयाने कागद तीनदा परत पाठविले. तिसऱ्यांदा तर सौजन्याने असे विचारले की, हौसाबाई हयात असल्यास त्यांचा पत्ता कळवावा. काकू हसल्या, पण ते हसणे आम्हांस पाहवले नाही. चौदा महिने घरात दमडी आली नव्हती.

आम्ही व मंडळाचे दोन कार्यकर्ते कामाला लागलो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र. सासरच्या व माहेरच्या ग्रामपंचायतींचे दाखले. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांची शिफारस. मग रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात नावाची दुरुस्ती आणि अखेर निवृत्तिवेतनाचा सुधारित आदेश. यजमानांच्या सैनिकी नोंदी साताऱ्याच्या कार्यालयात होत्या, काकू महादेवपुऱ्यात. येथील कार्यालयातील एका वयस्क लिपिकाने, कानडी बोलत आणि आमची मोडकी कानडी सोसत, नोंदणी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कशी वर्ग करावयाची हे समजावून दिले. परराज्यातूनही ती अशी आणता येते, हे आमच्यासारख्या सरकारी माणसाला तोवर माहीत नव्हते!

दूर राहणाऱ्यांची खरी अडचण येथेच आहे. निवृत्तिवेतन केंद्राचे, ते देशात कोठेही मिळते. राज्याच्या सवलती मात्र त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी. २०२० साली महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांच्या घरांना मालमत्ता करातून सूट दिली. त्याचा लाभ गावाकडच्या घराला मिळेल, व्हाइटफील्डच्या सदनिकेला नाही. गावचा रहिवास सुटलेला, येथील अजून लागलेला नाही, अशी कुटुंबे दोन्ही याद्यांच्या मध्ये पडतात. 'एक पद, एक निवृत्तिवेतन' या मागणीसाठी २०१५ साली दिल्लीत माजी सैनिक बसले, देशाने ते पाहिले आणि निर्णयही झाला. या मधल्या कुटुंबांसाठी मात्र कोणी कोठे बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. राज्य बोर्डांनी अग्रक्रम ठरवावयाचा तर आम्ही तो नव्या इमारतींना न देता, जिल्हा सोडून गेलेल्या विधवांचा पत्ता लावण्याला देऊ.

पूर्वी सारी सूत्रे अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयातून हलत. 'अलाहाबादहून कागद आला का?' हा प्रश्न सैनिकाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. २०२१ पासून 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीत निवृत्तिवेतने टप्प्याटप्प्याने गेली. सोय झाली हे खरे, पण जुन्या नोंदींतील नावांचे व जन्मतारखांचे घोळही त्याबरोबर उघडे पडले. कारकून एखादे वेळी हौसाबाई आणि सुमन एकच असल्याचे मनाशी मान्य करील, यंत्र करीत नाही.

मंडळाने त्यानंतर एक साधी गोष्ट सुरू केली आहे. नोव्हेंबर महिन्यात, हयातीचा दाखला देण्याच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी आमच्यापैकी कोणीतरी मंडळाच्या खोलीत बसतो. येणाऱ्याने डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि पत्नीचे आधारपत्र बरोबर आणावयाचे व तिन्हींवरील नावे शेजारी शेजारी ठेवून वाचावयाची. सैनिक स्वतः हयात असताना ही दुरुस्ती काही आठवड्यांत होते. पहिल्या वर्षी येणाऱ्यांत काकूच सर्वांआधी होत्या. शेजारच्या इमारतीतील एका निवृत्त सुभेदारांना त्या हाताला धरून घेऊन आल्या होत्या.